नद्यांच्या वाटेने गोवा

सगळा गोवा ३,७०२ चौरस किलोमीटरांचा; सिंधुदुर्ग जिल्हासुद्धा त्याहून मोठा आहे. सकाळी पेडण्यात शिरलेला माणूस दुपारच्या जेवणाला काणकोणात पोचतो आणि गोवा पाहून झाला असे समजतो. मराठी पाहुण्याच्या वाटेत तर आणखी एक अडसर असतो, तो जवळिकीचा. देवळातली आरती मराठी, वर्तमानपत्र मराठी, जत्रेतले नाटक मराठी. जे आपलेच आहे, ते नव्याने काय समजून घ्यायचे? गोव्याशी आपली ओळख इथेच अडून राहते, असे मला वाटते.

समुद्राकडे पाठ केली आणि नद्यांच्या काठाने गेले, की हा प्रदेश बोलू लागतो. जुवारीच्या दक्षिण तीरावर कुठ्ठाळी आहे. मंगेशाचे मूळ ठाणे ते. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी साष्टीतली देवळे पाडायला सुरुवात केली, तेव्हा १५६० च्या सुमारास भाविकांनी ते लिंग नदीपार अंत्रुज महालातल्या प्रियोळला नेले. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, लोटलीचा रामनाथ बांदिवड्याला. फोंड्याचा तो मुलूख त्या वेळी विजापूरच्या आदिलशाहीत होता. ख्रिस्ती राज्यातून परागंदा झालेल्या हिंदू दैवतांना आसरा मिळाला तो मुसलमान सुलतानाच्या हद्दीत. आज तिथल्या दीपमाळा आणि तळ्या पाहताना मन प्रसन्न होते, पण ही सगळी मुळात निर्वासितांची घरे आहेत, हे लक्षात ठेवून पाहिले तर त्या प्रसन्नतेला वेगळे वजन येते.

त्याच जुवारीच्या काठी राचोल आहे. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये तिथे छापले गेले: जवळपास अकरा हजार मराठी ओव्या, रोमन लिपीत. देवळे पाडणाऱ्या सत्तेच्या छायेत ज्ञानेश्वरांच्या छंदात ख्रिस्ताची कथा लिहिली गेली. याच स्टीफन्सने कोकणीचे व्याकरणही रचले. पुराणासाठी मराठी, व्याकरणासाठी कोकणी. दोन भाषा शेजारीशेजारी नांदत होत्या आणि त्या दोन आहेत, हे परदेशातून आलेल्या त्या माणसाने नीट ओळखले होते.

मात्र गोवा मला सर्वांत जास्त समजला तो खाजणात. खाडीकाठची ही सखल शेती भरतीच्या पाण्याखाली जाणारी. मातीचे बांध घालून ती खाऱ्या पाण्यापासून राखलेली. बांधात लाकडी दारे असतात, त्यांना मानस म्हणतात. भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबानेच मानस मिटते, ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडते. पावसाळ्यात मिठाला न भिणारे कोरगुट भात, कापणीनंतर त्याच जागी मासळी आणि कोळंबी. बांध एका ठिकाणी फुटला तर खारे पाणी साऱ्यांच्या शेतात शिरते, म्हणून त्याची राखण कधी एकट्याची नसे. ती गावकारीची, म्हणजे गावाच्या सामाईक मंडळाची असे. ही व्यवस्था पोर्तुगिजांच्याही आधीची आहे. १५२६ च्या फोरालमध्ये, म्हणजे सनदेत, पोर्तुगीज अधिकारी आफोंसु मेशियाने तिचे रिवाज नोंदवले आणि नव्या राज्यकर्त्यांनी ती चालू ठेवली, कारण तिच्यावाचून जमीनच उरली नसती. पुढे धर्म बदलले, पण बांध तोच राहिला. शिरगावची लइराई देवी आणि म्हापशाची ख्रिस्ती मिलाग्रिस सायबीण या सख्ख्या बहिणी मानल्या जातात, याचे मला म्हणूनच नवल वाटत नाही. आज कित्येक बांध दुरुस्तीविना खचत आहेत, याचे मात्र फार वाईट वाटते. किनाऱ्यावरच्या गर्दीची चर्चा सगळे करतात. खचणाऱ्या बांधाची बातमी महाराष्ट्रापर्यंत येत नाही.

१६ जानेवारी १९६७ रोजी गोव्याने कौल दिला आणि सुमारे ३४ हजार मतांच्या फरकाने महाराष्ट्रातले विलीनीकरण नाकारले. त्याची हळहळ बाळगणारे अजून भेटतात. मला तो कौल योग्यच वाटतो. शतकानुशतके दुसऱ्यांनी आखलेल्या हद्दींत राहिलेल्या माणसांना पहिल्यांदाच कुणी विचारले आणि त्यांनी स्पष्ट उत्तर दिले. ३० मे १९८७ ला गोवा घटक राज्य झाले. त्याच वर्षीच्या कायद्याने कोकणी राजभाषा ठरली आणि शासकीय वापरात मराठीलाही जागा राहिली. आपुलकीने ठेवलेली ती जागा हक्क समजून वापरणे बरे नव्हे.

गोव्याला जरूर जा, पण पाहुण्यासारखे जा. पावसाळ्यात, भात उभे असताना जा. रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला उतरा, बांधावरून चाला, मानस कुठे आहे ते गावातल्या कुणाला विचारा. उत्तर कोकणीत आले तर मराठीत सांगायला लावू नका, तसेच ऐका.