बियाणे आणि येणारा

ख्रिस्ताचे दुसरे येणे म्हणजे स्वर्गात गेलेला ख्रिस्त जगाच्या न्यायासाठी परत येईल हा विश्वास; पहिल्या पिढीतील पुष्कळ ख्रिस्ती लोकांना ते आपल्या हयातीतच घडेल असे वाटत होते, आणि म्हणूनच त्यांच्यापुढचा पेच धर्मशास्त्राइतकाच कोठारातल्या धान्याचाही होता. तो सोलापूरच्या मातीत ठेवून पाहायचा, तर मंगळवेढ्याचा शाळू पिकवणारा एक ख्रिस्ती शेतकरी आणि सोलापूरच्या मंडळीचा, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समाजाचा, पाळक अशा दोन व्यक्ती कल्पाव्या लागतील.

शेतकरी विचारतो, "पाळकसाहेब, प्रभू उद्या येणार असेल तर बियाणे राखून ठेवणे हा अविश्वास नव्हे काय? आणि राखले नाही, तोही आला नाही, तर पोराबाळांच्या उपासमारीचा जाब कोणी द्यायचा?"

"तात्या, हा जाब पूर्वीही द्यावा लागला आहे," पाळक म्हणतो. तिसऱ्या शतकाच्या आरंभी हिप्पोलितस या ख्रिस्ती लेखकाने दानिएलाच्या ग्रंथावरील भाष्यात दोन प्रसंग नोंदवले आहेत. सिरियातील एका मंडळीप्रमुखाने बायकापोरांसह लोकांना प्रभूच्या भेटीसाठी रानात नेले, तेव्हा दरोडेखोर समजून त्यांची कत्तल होता होता राहिली. पोन्तस प्रांतातील दुसऱ्याने वर्षभरात न्यायाचा दिवस येणार असे सांगितले, तेव्हा लोकांनी शेते पडीक टाकली, बहुतेकांनी होते नव्हते ते विकले आणि शेवटी त्यांच्यावर भीक मागण्याची पाळी आली. थेस्सलनीकाच्या मंडळीला प्रेषित पौलाच्या नावाने गेलेल्या दुसऱ्या पत्रात, जो काम करणार नाही त्याने खाऊही नये, अशी ताकीद आहे. पौल स्वतः राहुट्या करून पोट भरत असे, हे येथे विसरता येत नाही.

"मग दरसाल कोणीच येणार नसल्यासारखे पेरायचे, आणि प्रार्थनेत मात्र ये म्हणायचे?"

हा आक्षेप पहिल्या प्रश्नाहून अवघड आहे. पाळक 'मारानाथा' या अरामी शब्दाचा आधार घेतो: करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात आणि 'दिदाखे' या प्राचीन नियमपुस्तिकेतील भोजनोत्तर प्रार्थनेत तो येतो, आणि त्याची फोड एका तऱ्हेने केली तर 'आमच्या प्रभू, ये' आणि दुसऱ्या तऱ्हेने केली तर 'आमचा प्रभू आला आहे' असा अर्थ होतो. फोड सुंदर आहे, पण व्याकरणाने कोठार भरत नाही. त्यापेक्षा पाळकाचे दुसरे उदाहरण वजनदार ठरते: पुणे-सोलापूर लोहमार्गावरील केडगावी पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली मोठी धर्मजागृती झाली, अशा जागृतीला शेवटल्या काळाचा वळवाचा पाऊस मानणारे त्या काळी पुष्कळ होते, तरी तिथली शेती, माग आणि छापखाना चालूच राहिला.

"पण आमच्या मंगळवेढ्यात," शेतकरी म्हणतो, "दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाचे कोठार रिकामे केलेच की, आणि विठ्ठल विठू महार होऊन बिदरला भरणा करून आला, अशी कथा आहे."

"कोठार तिथेही रिकामे झाले, पण कोणासाठी ते पाहा. पोन्तसकरांनी आपल्या प्रमुखाने सांगितलेल्या मुदतीवर विसंबून होते ते विकून टाकले, दामाजीपंतांनी दाराशी आलेल्या भुकेल्यांना दिले. मत्तयाच्या शुभवर्तमानातला न्यायाचा राजाही आपण भुकेलेल्याच्या रूपाने आधीच येऊन गेलो होतो, असेच सांगतो."

"म्हणजे बियाणेसुद्धा द्यायचे?"

पाळक थांबतो. हस्त नक्षत्र लागायला आले आहे, शाळूची पेरणी तोंडावर आहे; आणि पुढल्या वर्षी ज्याला भूक लागणार आहे तो आज दाराशी उभा राहू शकत नाही, हे शेतकऱ्याचे म्हणणे पाळकाला खोडता येत नाही.