हे कोणी ठरविले?

या महिन्यात एक लहानशी हकीकत आपल्यापुढे मांडावयाची आहे. हकीकत मोबाइलची आहे, पण प्रश्न केवळ मोबाइलचा नाही. जे आपण विचार करून निवडले नाही आणि नाकारलेही नाही, त्याचा भार कोणाच्या शिरावर, असा तो प्रश्न आहे.

आमच्या दिंडीत एक आजी आहेत. त्यांची लेक दूर शहरात राहते. ती आईला मोबाइलवर कधी कांद्याच्या भावाची, कधी मधुमेहाच्या पथ्याची लिंक पाठविते. मध्यंतरी असे होऊ लागले की लिंक उघडली म्हणजे आधी जुगाराच्या जाहिराती आणि पाहू नयेत अशी चित्रे समोर यावीत. आजींना वाटले, लेकच हे पाठविते. महिनाभर त्या लेकीला टाकून बोलत होत्या. अखेर एके दिवशी मोबाइल आमच्यापुढे ठेवून म्हणाल्या, "महाराज, पोरीची बुद्धी अशी कशी फिरली वो?"

आम्ही पाहिले, तो लेकीचा काडीचाही दोष नव्हता. शेजारच्या एका मुलाने आजींच्या फोनमध्ये कोठला तरी ब्राउझर उतरवून दिला होता. त्या ब्राउझरने पहिल्याच वेळी विचारले, 'यापुढे सर्व लिंक माझ्यातच उघडू का?' आजींनी 'हो'वर बोट ठेवले आणि विसरून गेल्या. त्या दिवसापासून लेकीची प्रत्येक लिंक त्या घाणेरड्या दारातून आत येऊ लागली. आम्ही सेटिंग्जमध्ये गेलो, ॲप्समध्ये 'डीफॉल्ट ॲप्स' उघडले, पूर्वीचा ब्राउझर पुन्हा नेमला आणि तो नवा काढून टाकला. दोन मिनिटांचे काम. तीच लिंक स्वच्छ उघडली. आजी थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मग महिनाभर मी लेकीला बोलले, त्याचं पाप कुणाच्या माथी?"

हा प्रश्न आमच्या मनातून जाईना.

डीफॉल्ट म्हणजे काय? आपण काही सांगितले नाही तर जे आपोआप धरले जाते, ते डीफॉल्ट. फोन कोणत्या ॲपने लावावा, संदेश कोणत्या ॲपने दाखवावेत, लिंक कोठे उघडावी, हे नवा फोन हाती येतो तेव्हा ठरलेलेच असते. यात मुळात वाईट काही नाही. पंगतीत मीठ डावीकडे आणि भाजी उजवीकडे वाढतात, प्रत्येकाला विचारीत कोणी बसत नाही. सारेच विचारून करावयाचे म्हटले, तर पहिला फोन लावेपर्यंत संध्याकाळ व्हायची.

परंतु वाढणारा कोण, हे मात्र पाहावे. आपले शोधयंत्र इतरांच्या फोनमध्ये आणि ब्राउझरमध्ये डीफॉल्ट राहावे म्हणून गूगल कंपनीने २०२१ या एका वर्षात सुमारे २,६३० कोटी डॉलर मोजले, हे अमेरिकेतील खटल्यात उघड झाले. ५ ऑगस्ट २०२४ रोजी तेथील न्यायालयाने, या कंपनीने आपली मक्तेदारी बेकायदा रीतीने टिकविली, असा निकाल दिला. आपल्याकडेही २० ऑक्टोबर २०२२ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइड फोनच्या बाबतीत याच कंपनीला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला, आणि नवा फोन सुरू करतानाच शोधयंत्र निवडण्याची मुभा द्यावी, असे बजावले. एवढा पैसा कशासाठी? बदलण्याची सोय असूनही माणूस सहसा बदलत नाही, हे पक्के ठाऊक असते म्हणून. आपल्या आळसाला एवढा भाव येतो, हे आपल्याला कधी ठाऊक होते का?

आणि हा केवळ जाहिरातींचा मामला नाही. ज्या ॲपला संदेशांचे डीफॉल्ट ॲप केले, त्याच्यापुढे बँकेचा ओटीपीही उघडा पडतो. ठग लोक आपल्या ॲपसाठी नेमका हाच मान मागून घेतात. एक 'हो' म्हणजे कधी कधी घराची किल्लीच असते.

येथे कोणी म्हणेल, "अहो, आपोआप आलेले वाईट, तर आपली वारी तरी आपण कोठे निवडली? बाप चालला म्हणून आपण चाललो." आक्षेप खरा आहे. आमच्याही घरी वारी वडिलार्जितच आली. पण वारी दर वर्षी पायांना विचारते. आषाढ जवळ आला की शेताचे मार्गी लावावे लागते, पडशी भरावी लागते आणि उठून चालावे लागते. घरी बसणाराची पायी वारी आपोआप घडत नाही. म्हणजे थोरांनी दिलेले आपण दर वर्षी नव्याने हाती घेतो, आणि म्हणून ते आपले होते. फोनमधले 'नेहमी' एकदा दाबले की पुन्हा सहसा विचारीत नाही. भेद येथे आहे. परक्याने दिले म्हणून ते वाईट होत नाही. पुन्हा कधी पाहिलेच नाही, तर ते आपले होत नाही.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. वारीला निघताना पडशी तपासतो, तसा वर्षातून एकदा तरी हा 'डीफॉल्ट ॲप्स'चा पडदा उघडून पाहावा. न समजलेल्या प्रश्नाला 'हो' म्हणू नये. आणि जे लेक-मुलगे आईबापांना फोन घेऊन देतात, त्यांनी चार माणसांचे नंबर भरून देऊन थांबू नये. कोणते काम कोणत्या ॲपकडे आहे, हे शेजारी बसून दाखवावे. दुसऱ्यासाठी ठरविणे ही सेवा आहे, तशीच ती जोखीमही आहे.

आता आजींचा प्रश्न. आम्ही त्यांना सांगितले, "आजी, फसवून 'हो' घेणाऱ्याचा दोष मोठा. न पाहता उतरवून देणाऱ्या पोराचा थोडा. न समजता तुमचे बोट पडले, त्याला आम्ही पाप म्हणत नाही. पण एक गोष्ट उरते. इतक्या वर्षांची लेक तुम्हाला ठाऊक होती, तरी 'हे तू पाठवलंस का?' एवढे तुम्ही तिला विचारले नाही. मनाने आपोआप वाईट धरले आणि तेच चालू ठेवले. ते मात्र फोनने ठरविले नव्हते."

आजींनी मान हलविली. म्हणाल्या, "खरं हाय. लावा बरं तिला फोन."

आम्ही लावून दिला, आणि बाहेर ओसरीवर जाऊन बसलो.