एका आकड्याची जबाबदारी

विद्युतधारेच्या साहाय्याने रासायनिक क्रिया घडवून आणण्याचे, किंवा रासायनिक क्रियेतून वीज मिळवण्याचे औद्योगिक शास्त्र म्हणजे विद्युत-रसायन अभियांत्रिकी. बॅटरी, हायड्रोजन, कॉस्टिक सोडा, ॲल्युमिनिअम आणि धातूंवरील मुलामा हे एरवी परस्परांपासून दूर भासणारे उद्योग या एकाच शास्त्रावर उभे असले, तरी पदवीच्या अभ्यासक्रमात त्याच्या वाट्याला बहुधा भौतिक रसायनशास्त्रातले एखादे प्रकरण येते. ही उणीव उन्हाळी संशोधन-प्रशिक्षणाने बऱ्याच अंशी भरून निघू शकते. परंतु त्याचे फलित प्रमाणपत्रात किंवा शोधनिबंधावरील नावात मोजले जाऊ लागले, की मूळ हेतू बाजूला पडतो. स्वतः मोजलेल्या एका आकड्याची जबाबदारी घेण्यास विद्यार्थ्याला समर्थ करणे, हेच या प्रशिक्षणाचे उद्दिष्ट असले पाहिजे.

या उद्दिष्टाला ही विद्याशाखा विशेष अनुकूल आहे, कारण येथे इलेक्ट्रॉनांचा हिशेब मांडता येतो. फॅरडेच्या नियमानुसार एक मोल इलेक्ट्रॉन म्हणजे सुमारे 96,485 कूलोम विद्युतप्रभार, आणि म्हणून घटातून गेलेल्या प्रत्येक कूलोमने कोणते काम केले, हा प्रश्न टाळता येत नाही. पिंपरी-चिंचवड परिसरातील वाहन-उद्योगाला लागणाऱ्या क्रोम प्लेटिंगचेच उदाहरण घेतले, तर पारंपरिक क्रोमिक आम्लाच्या द्रावणात विद्युतधारेचा साधारण 10 ते 20 टक्केच भाग धातूचा थर बसवण्यात खर्च होतो आणि उरलेला बहुतांश ऋणाग्रावर हायड्रोजन वायू निर्माण करण्यात जातो. प्लेटिंगपूर्वी आणि नंतर पत्र्याचे वजन करून, वाहिलेल्या प्रभाराशी त्याचा मेळ घालून हे प्रमाण काढणे आणि तापमान बदलल्यावर ते कसे बदलते हे तपासणे, हा विषय दोन महिन्यांत पूर्ण होणारा आहे, आणि त्याचे उत्तर कारखान्यालाही उपयोगी पडणारे आहे.

मोजमापातील बारकावे मात्र पुस्तकातून पुरेसे कळत नाहीत. समजा, 1 अँपिअर धारा वाहत असताना द्रावणाचा रोध 0.1 ओहम आहे. तो लक्षात न घेतल्यास अग्राच्या विभवात 0.1 व्होल्टची चूक शिरते. अनेक अभिक्रियांमध्ये विभव सुमारे 0.12 व्होल्टने वाढला की अभिक्रियेचा वेग दसपट होतो, त्यामुळे वरवर क्षुल्लक दिसणाऱ्या त्या चुकीने वेगाचा अंदाज सहा-सात पटींनी बिघडू शकतो. बॅटरीत प्रत्येक आवर्तनाला 99.9 टक्के प्रभार परत मिळत असेल आणि तूट भरून काढणारा साठा नसेल, तर 500 आवर्तनांनंतर सुमारे 61 टक्केच क्षमता उरते. तेच प्रमाण 99.99 टक्के असल्यास 95 टक्के उरते. दशांशचिन्हानंतरच्या दुसऱ्या अंकावर उत्पादनाचे आयुष्य कसे अवलंबून असते, हे ज्याने स्वतः मोजून पाहिले, तो अभियंता पुढे कोणताही आकडा तपासल्याशिवाय स्वीकारत नाही.

इतिहासही याच दिशेने बोट दाखवतो. अमेरिकेतील ओबर्लिन महाविद्यालयातून 1885 मध्ये पदवी घेतलेल्या चार्ल्स मार्टिन हॉलने 1886 च्या फेब्रुवारीत, वयाच्या 22 व्या वर्षी, वितळलेल्या क्रायोलाइट या खनिजात ॲल्युमिनिअम ऑक्साइड विरघळवून त्यातून विजेच्या साहाय्याने धातू वेगळा केला. विद्यार्थिदशेत त्याला प्राध्यापक फ्रँक ज्युएट यांच्याकडून मार्गदर्शनही मिळाले होते आणि प्रयोगासाठी जागा व साहित्यही. त्याच वर्षी फ्रान्समध्ये पॉल एरू या समवयस्क तरुणाने हीच पद्धत स्वतंत्रपणे शोधली. नेमका प्रश्न आणि त्याला वेळ देणारा गुरू लाभला, तर पदवीचे वय संशोधनाला आड येत नाही.

दोन महिन्यांत संशोधन होत नाही, हा आक्षेप शोधाच्या बाबतीत बहुतांशी खरा आहे, पण शिस्तीच्या बाबतीत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने 1987 पासून पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी चालवलेल्या संशोधन-अनुभव योजनेत विद्यार्थ्यांचा गट लहान असतो आणि त्यांना विद्यावेतन दिले जाते. भारतात बंगळूरू, नवी दिल्ली आणि प्रयागराज येथील तीन विज्ञान अकादमी मिळून दोन महिन्यांची उन्हाळी शिष्यवृत्ती देतात, आणि तमिळनाडूतील कारैकुडी येथे 1948 मध्ये पायाभरणी झालेली केंद्रीय विद्युत-रसायन संशोधन संस्था या विषयाला पूर्णपणे वाहिलेली आहे. विद्यावेतन ही यातली गौण बाब नव्हे. ज्या घरात सुट्टीची मजुरी महत्त्वाची असते, त्या घरातील विद्यार्थ्याला परगावी राहण्याचा खर्च स्वतः करायला सांगणे म्हणजे त्याला दारातूनच परत पाठवणे होय.

म्हणून महाराष्ट्रातील विद्यापीठांनी उन्हाळी प्रशिक्षणाला श्रेयांक देताना तीन अटी घालाव्यात: प्रत्येक विद्यार्थ्याला एकच मर्यादित प्रश्न द्यावा, त्याला विद्यावेतन मिळावे, आणि शेवटी त्याने आपला आकडा, त्यातील संभाव्य चूक व तिचे कारण परीक्षकांसमोर मांडावे. ज्या प्रशिक्षणात या तीन गोष्टी नाहीत, त्याला संशोधन-प्रशिक्षण म्हणू नये.