सोसणं आणि अंगावर काढणं



आजचं चिंतन गीतेच्या दुसऱ्या अध्यायातल्या १४ व्या श्लोकावर. थंडी-ऊन, सुख-दुःख येतात आणि जातात, ते सहन कर, असं भगवान अर्जुनाला सांगतात.

हाच श्लोक मी एकदा ताईला ऐकवला होता. तिला बाळंत होऊन आठवडाच झाला होता. अचानक डोक्यात वीज कोसळल्यासारखी कळ आली. मी म्हटलं, "ताई, थोडं सोस, नाम घे, जाईल." तासाभरात थांबलीही. मला वाटलं, श्लोक खरा ठरला! चौथ्या दिवशी पुन्हा तशीच कळ आली आणि डावा हात उचलेना. आईनं माझं काही न ऐकता गाडी काढायला लावली आणि थेट रामदासपेठेतलं हॉस्पिटल गाठलं.

तिथे कळलं, मेंदूच्या रक्तवाहिन्या काही काळापुरत्या आकसतात, असा हा आजार. १९८८ साली कॉल आणि फ्लेमिंग या डॉक्टरांनी तो मांडला. बाळंतपणानंतर, तसंच सर्दीच्या, मायग्रेनच्या किंवा नैराश्याच्या काही औषधांमुळेही तो होऊ शकतो. बहुतेकांच्या वाहिन्या साधारण ३ महिन्यांत पूर्ववत होतात. पण तेवढ्या काळात मेंदूच्या एखाद्या भागाला रक्त पोचलं नाही किंवा रक्तस्राव झाला, तर लकवा होतो.

ताईच्या वाहिन्या मोकळ्या झाल्या. डाव्या हाताची बोटं मात्र अजून पूर्ण साथ देत नाहीत. बाळाच्या झबल्याचे बंद बांधताना ती थांबते, तेव्हा मला माझंच वाक्य आठवतं.

जे येतं आणि जातं, ते जाताना खूण ठेवू शकतं. रागाचंही तसंच नाही का? राग उतरतो, बोललेला शब्द राहतो.

मग श्लोक खोटा? नाही. तो कुणाला आणि कशासाठी सांगितला, ते मी विसरलो. धनुष्य टाकून बसलेल्या अर्जुनाला उभं करण्यासाठी तो उपदेश होता. मी तोच वापरून उठू पाहणाऱ्या ताईला बसवलं. शिवाय तितिक्षा स्वतःच्या दुःखाची असते. दुसऱ्याचं दुखणं दिसलं की आपल्या वाट्याला येते ती धावपळ. त्या दिवशी गीता आई जगली, मी फक्त बोललो.

आजचा संकल्प: कुणाचं डोकं मिनिटभरात असह्य दुखू लागलं, तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर आधी १०८ ला फोन. नाम गाडीत घेऊ.

हरी ॐ.