सपाट वाटेचे मोल

डोंगरावरील प्रवचनात आपल्या प्रभूने दोन वाटा सांगितल्या आहेत, आणि त्यांवरील उपदेश ऐकला नाही अशी मंडळी आपल्या प्रांतात क्वचितच सापडेल. रुंद वाट नाशाची, अरुंद वाट जीवनाची. यावरून पुष्कळ भाविकांच्या मनात असा समज बसला आहे की, जे जे सोपे ते ते संशयास्पद, आणि पायात काटा मोडला म्हणजेच वाट खरी. परंतु यशयाच्या ४० व्या अध्यायात पाहावे तर तेथे खोरी भरून काढून उंचसखल जागा सपाट करण्याची आज्ञा आहे. तेव्हा सपाट वाटेने सुखाने चालणे ख्रिस्ती मनुष्यास शोभते की नाही, हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. आम्ही तो एका खऱ्याखुऱ्या वाटेच्या आधाराने वाचकांपुढे ठेवितो.

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात रॉकी पर्वताच्या पायथ्याशी बोल्डर नावाचे शहर आहे. पर्वतातून उतरणारा बोल्डर क्रीक नामक ओढा शहराच्या मधून वाहतो, आणि त्याच्या काठाने सुमारे साडेपाच मैल लांबीची पक्की पायवाट केली आहे. जेथे मोठा रस्ता आडवा येतो तेथे ती पुलाखालून जाते, म्हणून चालणाऱ्यास गाड्यांचे भय नाही. हिवाळ्यात बर्फ पडले की नगरपालिकेची माणसे यंत्राने ते बाजूस सारून वाट मोकळी करितात. ओढ्याच्या दोन्ही कडांस बर्फाचा पापुद्रा धरतो, मध्ये काळसर पाणी धोंड्यांवरून खळखळत असते, काठची झाडे निष्पर्ण उभी असतात. त्या गारठ्यातही एक लहानसा करडा पक्षी धोंड्यावर बसून खालीवर डुलतो आणि एकाएकी पाण्यात बुडी मारून तळचे किडे टिपतो. (त्याची ही कामसू वृत्ती पाहिली म्हणजे लोकरी कपडे घालून थंडीची तक्रार करण्याची लाज वाटावी.)

अशा वाटेवर कोण कोण भेटते? गुडघे धरलेले वृद्ध, बाबागाडी ढकलणारी आई, चाकांच्या खुर्चीत बसलेला अपंग. डोंगरातील चढणीची वाट यांच्यासाठी नाही. आमच्या खेड्यांतही ओढ्यास पाणी आले, पाणंदीत चिखल झाला, की किती आजीबाईंची उपासना घरीच होते! त्यांची वाट कठीण आहे म्हणून ती अधिक पवित्र आहे, असे त्यांच्या तोंडावर म्हणण्यास कोणी धजेल काय? कठीणपणा आपण होऊन पत्करणे एक, आणि तो दुसऱ्याच्या पायाखाली ठेवणे दुसरे. प्रभूने पहिल्याचा उपदेश केला; दुसऱ्याबद्दल त्याने शास्त्र्यांस व परूश्यांस दोष दिला.

तेव्हा सोपेपणात पाप नाही. पण सोपेपणास मोल पडते, आणि ते कोणी भरले हे विचारणे मात्र चालणाऱ्याचे कर्तव्य आहे, असे आमचे मत आहे.

बोल्डरच्या वाटेचे एक मोल त्या शहराने स्वतः भरले. १८९४ साली ओढ्यास मोठा पूर येऊन पूल व घरे वाहून गेली. पुढे १९१० साली फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड (धाकटे) या उद्यानरचनाकारांनी आपल्या अहवालात सल्ला दिला की, ओढ्याकाठची सखल जागा बांधकामाने भरू नये, ती उद्यान म्हणून मोकळी ठेवावी, म्हणजे पुरास पसरण्यास जागा राहील. १९७० साली तेथील विद्यापीठात गिल्बर्ट व्हाइट नावाचे भूगोलशास्त्रज्ञ आले. हे क्वेकर पंथाचे होते. दुसऱ्या महायुद्धात शस्त्र न धरता त्यांनी फ्रान्समध्ये निर्वासितांची सेवा केली आणि जर्मनांच्या अटकेतही काही काळ काढला. त्यांची जन्मभराची शिकवण अशी की, पूर निसर्गाचा असला तरी नुकसान बहुतांशी मनुष्याच्या करणीचे असते; केवळ बंधाऱ्यांवर विसंबून नदीच्या अंगणात घरे बांधू नयेत. ओढ्याकाठची जमीन म्हणजे शहरातील मोक्याची जमीन. तेथे दुकाने व घरे बांधून पैसा करता आला असता. तो मोह जेवढा आवरला गेला तेवढी जागा वाटेस मिळाली. सप्टेंबर २०१३ मध्ये आठवडाभर विलक्षण पाऊस पडला, तेव्हा वाट पाण्याखाली गेली, पुलांखाली गाळ साचला. शहरातील पुष्कळ घरांत पाणी शिरले हे खरे. तरी ओढ्यास जी जागा सोडली होती तेथे पाणी पसरले आणि पुढे ओसरले. ही सपाट वाट एका अर्थी अरुंद वाटेचेच फळ आहे. येथवर सारे मनास समाधान देणारे आहे, आणि येथेच थांबता आले असते तर बरे झाले असते.

परंतु या खोऱ्यात प्रथम हिवाळा काढणारे लोक निराळेच होते. पर्वताच्या आडोशामुळे येथे थंडी त्यातल्या त्यात सौम्य, म्हणून अरापाहो लोक आपली घोडी घेऊन हिवाळ्यात येथे उतरत. १८५१ च्या तहाने अमेरिकेच्या सरकारने हा मुलूख शायेन व अरापाहो यांचा मानला होता. १८५८ साली सोने शोधणारे गोरे लोक या ओढ्याच्या दरीच्या मुखाशी तंबू ठोकून बसले. निवॉट नावाच्या अरापाहो प्रमुखाने (या नावाचा अर्थ डावखुरा) त्यांस हाकलून न लावता राहू दिले.

त्याचे फळ त्याच्या लोकांस सहा वर्षांनी मिळाले. २९ नोव्हेंबर १८६४ रोजी सँड क्रीक नावाच्या दुसऱ्या एका ओढ्याकाठी शायेन व अरापाहो लोकांची छावणी होती. आपण शांततेत आहो हे कळावे म्हणून त्यांनी अमेरिकेचे निशाण व पांढरे निशाण उभारले होते. पहाटे सैन्य चालून आले. लोक ओढ्याच्या पात्रातून पळू लागले, वाळूत खड्डे करून लपले. सुमारे २३० माणसे मारली गेली. त्यांत बहुतेक स्त्रिया, मुले व वृद्ध. निवॉटही तेथील जखमांनी गेला. सैन्यात बोल्डरच्या खोऱ्यातून भरती झालेली एक तुकडी होती, आणि सर्वांचा सेनापती जॉन चिव्हिंग्टन हा पूर्वी मेथॉडिस्ट पाळक होता. हे शेवटचे वाक्य लिहिताना लेखणी अडखळते. पण ते वगळले तर आम्ही कोणत्या तोंडाने सत्याविषयी लिहावे? त्याच सैन्यातील सायलस सोल नावाच्या कॅप्टनाने आपल्या शिपायांस गोळी झाडू दिली नाही व पुढे चौकशीत साक्ष दिली. एप्रिल १८६५ मध्ये डेन्व्हरच्या रस्त्यात त्याचा खून झाला. त्या पहाटे अरुंद वाटेने चालणारा तो होता.

मग आजच्या म्हाताऱ्याने त्या काठाने फिरू नये काय? असे म्हणणारे आहेत. आम्हांस ते पटत नाही, कारण त्याच्या घरी बसण्याने कोणाचे काहीच भरून येत नाही. गेले ते गेले, आता उकरू नये, असे म्हणणारेही आहेत, आणि ते तर मुळीच पटत नाही. आमच्या मंडळ्यांतील पुष्कळांच्या आजेपणज्यांस गावच्या सरळ रस्त्याने जाण्याची मोकळीक नव्हती. वेशीबाहेरून वळसा घ्यावा लागे. आज तो रस्ता डांबरी झाला म्हणून त्या वळशाची गोष्ट नातवंडांस सांगू नये, असे कोणी म्हटले तर आपण ऐकून घेऊ काय? ज्यास आपल्या वळशाची आठवण हवी, त्याने दुसऱ्याच्या वळशाची गोष्टही ऐकली पाहिजे. आणि ती ऐकावयाची ती पुस्तकातून नव्हे, तर त्या लोकांचे जे वंशज आज ओक्लाहोमा व वायोमिंग येथे राहतात त्यांच्या तोंडून.

मेथॉडिस्ट मंडळीने १९९६ साली आपल्या महासभेत सँड क्रीकबद्दल क्षमा मागितली. बोल्डरची वाट पश्चिमेस जेथे डोंगराच्या तोंडाशी पोहोचते, तेथील तांबड्या खडकांच्या उद्यानास पूर्वी वसाहतकऱ्यांचे नाव होते. नगरपालिकेने आदिवासी जमातींच्या प्रतिनिधींशी विचारविनिमय करून २०२१ साली ते बदलले व सर्व लोकांच्या ये-जा करण्याचे ठिकाण अशा अर्थाचे नाव दिले. जमीन मात्र पूर्वी ज्यांच्या हाती होती त्यांच्याच हाती आहे, आणि हिवाळ्यात बर्फ सारले की म्हातारी माणसे त्याच वाटेने तेथवर चालत जातात.