हास्यातला वाटा

मुलुंडनंतरचे स्थानक ठाणे. तेथील मनोरुग्णालय १९०१ पासूनचे. त्यामुळे आमच्या उपनगरांत कोणाच्याही विक्षिप्तपणावर 'याला ठाण्याला पाठवा' असा शेरा सर्रास मारला जातो आणि ऐकणारे निःशंकपणे हसतात. परंतु शेजारची शिंकही ऐकू येणाऱ्या घाटकोपरकडील एखाद्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात आईच मनोरुग्ण असेल, तर पंधरा वर्षांच्या मुलाने तिच्या बोलण्यावर हसावे काय, आणि त्या हास्यावर कोणी हलकाफुलका चित्रपट काढला तर तो धर्माला धरून होईल काय, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही. कारण आईबापांना दैवत मानण्याची तैत्तिरीय उपनिषदाची आज्ञा त्यांची बुद्धी शाबूत असण्याची अट घालीत नाही.

शास्त्रकारांनी मात्र उन्मत्ताचा, म्हणजे वेड्याचा, विचार मिळकतीच्या अंगाने केला. मनूने त्याला वाटणीतून वगळले, पण लागलीच पुढच्या श्लोकात त्याच्या अन्नवस्त्राचा भार वारसांवर टाकला व तो न उचलणाऱ्यास पतित ठरविले. पोटाची तजवीज झाली, हक्काची नाही. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने रोग वा व्यंग या सबबीवर वारसा नाकारण्याची वाट बंद केली, तेव्हा दप्तरात तरी हा भेद मिटला. घरात तो टिकून आहे. भ्रमिष्ट बापाला आपण वेळेवर ताट वाढतो आणि त्याच्या देखतच, तो तेथे नसल्यासारखे, त्याच्याविषयी बोलतो. मनुस्मृती न वाचताही ती अशी पाळली जाते.

ही रीत मोडलेली दिसते ती कलाकृतींत. जेरी पिंटो यांच्या 'एम अँड द बिग हूम' (२०१२) या कादंबरीत, जी शांता गोखले यांनी मराठीत आणली, माहीमच्या लहानशा घरातील गोवेकर ख्रिस्ती कुटुंबाची कथा मुलगाच सांगतो. आईचे आत्महत्येचे प्रयत्न त्याने झाकलेले नाहीत; तरीही वाचक वारंवार हसतो, कारण त्या घरात सर्वांत तल्लख आणि सर्वांत निर्भीड जीभ त्या आईचीच आहे. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' चित्रपटात मोहन आगाशे यांनी रंगविलेले स्मृतिभ्रंश झालेले संस्कृत पंडित हत्तीच्या मागे बालकासारखे निघून जातात, तेव्हा ओठांवर आलेले हसू मुलीची घालमेल पाहून विरते. त्यांच्या पांडित्याशी काडीचा संबंध नसलेली माहुताची बायको मात्र त्यांना लेकरासारखे सांभाळते.

म्हणून माझा निवाडा असा की, हसण्यात अधर्म नाही; ज्याच्या दुखण्यातून हास्य उपजले त्यालाच त्यातून बेदखल करण्यात आहे, आणि तो अपहारच होय. असा चित्रपट उद्या मुलुंडच्या वा बोरिवलीच्या चाळीवर कोणी काढू म्हणेल, तर त्याने जरूर काढावा. मात्र त्यातले सर्वांत फाकडे वाक्य मुलाच्या नव्हे, त्याच्या आईच्या तोंडी घालावे.