ऐकणाऱ्याचे ऋण

भाषा केव्हा मरते? तिचा अखेरचा बोलणारा जातो तेव्हा, असे सामान्यतः मानले जाते. आम्हांस मात्र वाटते, की तिचा अखेरचा ऐकणारा जातो तेव्हाच तिचे मरण सुरू होते.

अंदमानातील बोआ सीनियर ही वृद्धा जानेवारी २०१० मध्ये निवर्तली आणि तिच्याबरोबर 'बो' ही भाषा लोपली. आईवडिलांच्या पश्चात कित्येक वर्षे त्या भाषेत तिच्याशी बोलणारे कोणीच उरले नव्हते. इतरांशी ती अंदमानी हिंदीत बोले. स्वतःच्या भाषेत मात्र पाखरांशी. त्यांना आपले बोलणे कळते, अशी तिची श्रद्धा होती.

हे केवळ एकाकी मनाचे वेड म्हणावे काय? भाषाशास्त्रज्ञ अन्विता अब्बी यांनी त्याच समाजातील नाओ ज्युनिअर यांच्याकडून जुन्या कथा टिपून घेतल्या. त्यांपैकी एका कथेत माणसांचेच पक्षी होतात. पाखरू म्हणजे पूर्वज, हे नाते शब्दकोशात सापडत नाही. ते कथेतच जिवंत राहते. नाओंनी कित्येक वर्षांत गोष्ट सांगितली नव्हती. प्रथम त्यांना ती आठवेना. समोर आस्थेने ऐकणारे माणूस बसले, तेव्हा ती तुकड्यातुकड्यांनी परत आली. या कथा व गीते २०२१ मध्ये ग्रंथरूप झाली.

येथे एक प्रश्न उभा राहतो. पोटासाठी मोठ्या भाषेचा आश्रय घेणाऱ्यास 'तुझी भाषा सोडू नकोस' असे बजावण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? आमच्या मते, तो कोणासही नाही. मुलाला भाकरीची भाषा शिकवणारी माता दोषी नव्हे. परंतु जी भाषा ऐकताच आपण हसतो, जिला शाळेत आणि चारचौघांत गप्प बसवतो, तिच्या मरणाचा दोष बोलणाऱ्याच्या माथी मारणे हा अन्याय आहे. ध्वनिफीत आवाज जपते; ती प्रतिप्रश्न करीत नाही, 'पुढे काय झाले?' असे विचारीत नाही.

अंदमान दूर आहे, पण हा प्रश्न दूरचा नाही. वसईच्या सामवेदी घरांत कादोडी आजही बोलली जाते. तिच्यातील लग्नगीत वा कहाणी आजीच्या ओठांवर आहे तोवर तिच्यापाशी बसणे, ही तिच्यावर केलेली कृपा नव्हे. ते आपल्याकडून तिचे येणे आहे. सांगणारी अजून आहे. ऐकणारे आहेत काय, एवढेच आपण स्वतःस विचारावे.